आश्रय मागणाऱ्याकडे दाखला कसला मागता?



१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढच्या महिन्यात लष्करानं पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. त्यांतली एक 'मिझिमा'. ही वृत्तसंस्था १९९८ साली आपल्या दिल्लीत सुरू झाली होती. लष्करी राजवटीतून पळून भारतात आलेल्या ब्रह्मी निर्वासितांनीच ती उभी केली. तिच्यासाठी काम करणारे काही पत्रकार २०२१ मध्ये पुन्हा जीव वाचवण्यासाठी भारताकडेच निघाले. सीमा ओलांडून ते मणिपूरमधल्या मोरे गावात आले आणि लपून राहिले. हातात व्हिसा नव्हता. तो मिळवायचा कुठून? ज्या सरकारच्या बंदुकीपासून पळायचं, त्याच सरकारकडे पासपोर्ट मागायला जायचं का?

आपल्या सरकारनं काय केलं? १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयानं मिझोराम, मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल प्रदेश या राज्यांना पत्र पाठवलं. म्यानमारमधून येणारे लोंढे थांबवा, कुणालाही निर्वासित म्हणून दर्जा देण्याचा राज्यांना अधिकार नाही, भारतानं निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ. मणिपूर सरकारनं तर २६ मार्चला जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं की आलेल्यांसाठी छावण्या उघडू नका, अन्नाची सोय करू नका. ओरड झाल्यावर ते पत्र मागे घ्यावं लागलं. मिझोरामनं मात्र केंद्राचं ऐकलं नाही. सीमेपलीकडचे चिन लोक आमचे रक्ताचे नातेवाईक आहेत, त्यांना मरायला परत पाठवणार नाही, अशी भूमिका तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून मांडली.

मिझो माणसाच्या या माणुसकीला सलाम करायलाच हवा. पण आंबेडकरी माणसानं इथं एक प्रश्न विचारला पाहिजे. पळून आलेल्या माणसाला सीमेवर नातेवाईक भेटले म्हणून तो वाचला. ज्याला नातेवाईक नाही, त्याचं काय? ज्याचा धर्म यादीत नाही, ज्याची जन्मतारीख सोयीची नाही, ज्याच्याकडे पैसा नाही, ज्याचा कुठल्या सैन्याला उपयोग नाही, त्यानं कुठं जायचं?

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. जगभरची सरकारं दडपशाहीतून पळणाऱ्या माणसांसाठी व्हिसाची दारं उघडतात, पण दारात उभं राहून दाखला मागतात. जन्माचा, धर्माचा, उपयोगाचा, पैशाचा. दाखला मागून माणसांची प्रतवारी करणं हे आपल्याला नवीन नाही. म्हणून आश्रयाचा कायदा ही आंबेडकरी चळवळीची मागणी असली पाहिजे.

आधी नियम समजून घेऊ

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली जिनिव्हात निर्वासितांचा करार झाला. १९६७ च्या जोडकरारानं त्याच्यावरच्या काळाच्या आणि युरोपपुरत्या मर्यादा काढल्या. या करारानुसार निर्वासित कोण? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी ज्याला सकारण भीती आहे, जो त्या भीतीमुळे देशाबाहेर आहे आणि ज्याला आपल्या देशाचं संरक्षण मिळू शकत नाही, तो. 'जात' हा शब्द या यादीत नाही. तो 'सामाजिक गट' या शब्दांत शोधावा लागतो.

कराराचं ३३ वं कलम सांगतं की अशा माणसाला छळाच्या तोंडी परत ढकलायचं नाही. ३१ वं कलम सांगतं की जीव धोक्यात असलेला माणूस थेट तिथून आला, लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि त्यानं योग्य कारण दिलं, तर केवळ विनापरवाना आला म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. पळणाऱ्याकडे कागद नसणार, हे करार करणाऱ्यांना माहीत होतं.

आता यातली मेख बघा. आश्रय मागायचा तर बहुतेक देशांत त्या देशाच्या भूमीवर किंवा सीमेवर पोचावं लागतं. पोचायचं तर विमानात बसावं लागतं. विमानात बसायचं तर व्हिसा लागतो. आणि 'मला आश्रय मागायचा आहे' असं सांगून मागता येईल असा व्हिसा बहुतेक देशांकडे नाहीच. उलट, हा माणूस परत जाणार नाही अशी शंका आली की साधा पर्यटकाचा व्हिसाही नाकारतात. कागद नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून कंपनीचा कारकूनच विमानतळावर माणसाला अडवतो. हक्क कागदावर आहे आणि त्या हक्कापर्यंत जाणारा रस्ता बंद आहे. गावातली विहीर सार्वजनिक आहे असं सरकारी ठरावात लिहायचं आणि विहिरीकडे जाणारी वाट अडवायची, हा प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला आहे. महाडचं चवदार तळंही कागदावर खुलंच होतं.

मग एखाद्या देशात मोठी उलथापालथ झाली की काही सरकारं 'खास मार्ग' जाहीर करतात. अशा तीन मार्गांकडे नीट पाहू.

जन्मतारखेचा आणि पैशाचा दाखला: हाँगकाँग

३० जून २०२० रोजी चीननं हाँगकाँगवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लादला. आदल्या वर्षी रस्त्यावर उतरलेल्या पोरापोरींवर तुरुंगाची टांगती तलवार आली. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२१ पासून एक नवा व्हिसा सुरू केला. पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहा, काम करा, शिका, मग कायमचा रहिवास आणि त्यानंतर वर्षभरानं नागरिकत्व. ऐकायला उत्तम. हजारो कुटुंबांना त्याचा खरा फायदाही झाला, तो नाकारण्याचं कारण नाही.

पण तो मिळणार कुणाला? ज्यांनी १९९७ साली हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाण्याआधी 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' म्हणून नाव नोंदवलं होतं त्यांना, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना. आता हिशेब करा. २०१९ च्या आंदोलनात पुढे असलेल्यांत वीस-बावीस वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मोठ्या संख्येनं होती. म्हणजे १९९७ नंतर जन्मलेली. ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्यांनाच स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नव्हता. ही चूक ब्रिटननं ३० नोव्हेंबर २०२२ पासून सुधारली आणि अशा पालकांच्या १८ वर्षांवरील मुलांना वेगळा अर्ज करू दिला. मधली जवळपास दोन वर्षं त्यांनी काय करायचं होतं?

पैशाचंही बघा. सुरुवातीला पाच वर्षांच्या व्हिसाची फी २५० पौंड आणि त्यावर आरोग्य अधिभार प्रौढ माणसामागे वर्षाला ६२४ पौंड. म्हणजे एका माणसाचे पाच वर्षांचे ३,३७० पौंड, तेही आगाऊ. शिवाय सहा महिने स्वतःच्या पैशानं राहू शकतो हे दाखवायचं. मध्यमवर्गीय कुटुंब घर विकून हे जमवू शकतं. हॉटेलात भांडी घासणारा आंदोलक पोरगा कुठून आणणार?

हा व्हिसा जाहीर झालेला होता, पण सुरू व्हायचा होता, तेव्हाच २३ ऑगस्ट २०२० रोजी हाँगकाँगचे बारा जण एका वेगवान बोटीतून तैवानकडे निघाले. सगळ्यात धाकटा १६ वर्षांचा. चिनी तटरक्षकांनी त्यांना समुद्रात पकडलं आणि शेनझेनच्या कोठडीत टाकलं.

उपयोगाचा दाखला: अफगाणिस्तान

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. अमेरिकेकडे अफगाणांसाठी एक खास व्हिसा आधीपासून होता, २००९ च्या कायद्यानं दिलेला. तो कुणासाठी? ज्यांनी अमेरिकी सरकारसाठी किंवा सैन्यासाठी काम केलं, दुभाषे, वाहनचालक, कारकून, त्यांच्यासाठी. त्यांचा जीव धोक्यात होताच, त्यांना नेणं अमेरिकेचं कर्तव्यच होतं. पण मुलींची शाळा चालवणारी बाई, हजारा समाजाचा कार्यकर्ता, गावात तालिबानविरुद्ध बोलणारा शिक्षक यांनी अमेरिकी सैन्याची चाकरी केली नव्हती. ते त्या रांगेत बसत नव्हते. तू आमच्या कामाला आलास का, हा पहिला प्रश्न. तुझ्या जिवाला धोका आहे का, हा नंतरचा.

आणि आता अमेरिकेत काय चाललं आहे? जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निर्वासितांना स्वीकारण्याचा कार्यक्रमच थांबवला. तपासण्या पूर्ण झालेली, विमानाची तिकिटं हातात असलेली माणसं अडकली. मे २०२५ मध्ये त्याच बंद दारातून दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांची तुकडी सरकारी खर्चानं अमेरिकेत उतरली. वर्णभेदाच्या राजवटीत जे वर चढून बसले होते, त्यांचे वंशज पीडित ठरले आणि काँगो, सुदान, अफगाणिस्तानातले लोक छावण्यांत राहिले. यावर वेगळं भाष्य करायची गरज आहे का?

भारतानं १७ ऑगस्ट २०२१ रोजी अफगाणांसाठी 'तातडीचा ई-व्हिसा' जाहीर केला. २५ ऑगस्टला दुसरी घोषणा झाली, की यापुढे फक्त याच व्हिसावर येता येईल आणि आधी दिलेले, पण भारताबाहेर असलेल्या अफगाणांकडचे व्हिसा रद्द. एका आदेशानं सगळे कागद रद्दी झाले. पुण्यात आणि देशातल्या इतर विद्यापीठांत शिकणारी, पण त्या वेळी घरी गेलेली अफगाण पोरं तिकडेच अडकून पडली. त्याआधी २० ऑगस्टला अफगाण खासदार रंगिना कारगर यांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं. त्यांच्याकडे राजनैतिक पासपोर्ट होता. नंतर सरकारनं चूक झाल्याचं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. खासदार होत्या म्हणून बातमी झाली, म्हणून दिलगिरी तरी मिळाली. सामान्य बाईला काय मिळालं असतं?

धर्माचा दाखला: आपला देश

भारतात आश्रयाचा कायदा नाही. १९५१ च्या करारावर सही नाही. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीवर भारत १९९५ पासून सदस्य आहे. म्हणजे सभेत खुर्ची आहे, पण घरात नियम नाही.

मग निर्णय कसे होतात? गटागटानं आणि मर्जीनं. १९५९ नंतर आलेल्या तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र आणि वसाहती मिळाल्या. १९८३ नंतर आलेल्या श्रीलंकेतल्या तमिळांना तामिळनाडूत छावण्या मिळाल्या, पण चाळीस वर्षांनंतरही अनेकांना नागरिकत्व नाही. अफगाण, म्यानमारचे लोक, सोमाली यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय करतं आणि कार्ड देतं. पोलिसानं ते कार्ड मानावंच असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

२०११ च्या डिसेंबरमध्ये गृहमंत्रालयानं एक अंतर्गत कार्यपद्धती ठरवली. तिच्यात वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळाची सकारण भीती असेल, तर त्या परदेशी माणसाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येईल असं म्हटलं आहे. हा व्हिसा मिळाला की खासगी नोकरी आणि शिक्षण करता येतं. म्हणजे योग्य निकष काय असावेत हे आपल्या सरकारला चांगलं ठाऊक आहे. पण ही कार्यपद्धती म्हणजे कायदा नव्हे. व्हिसा नाकारला तर दाद मागायला स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. साहेबाच्या टेबलावरची फाईल पुढं सरकली तर सरकली.

आणि जिथं कायदा केला, तिथं काय केलं? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तीन देश आणि सहा धर्म लिहिले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन. यात छळ कुणाचा झाला हे तपासलंच जात नाही, धर्म तपासला जातो. पाकिस्तानातला अहमदिया, अफगाणिस्तानातला हजारा, बांगलादेशातला नास्तिक ब्लॉगलेखक, म्यानमारचा पत्रकार हे सगळे बाहेर. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातून सूट पुन्हा त्याच तीन देशांतल्या त्याच सहा धर्मांना, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना. बाकीच्या बहुतेकांसाठी पळून येणं हा गुन्हा.

काही जण म्हणतील, यादीत बौद्ध आहेत, मग तुम्हाला काय अडचण? अडचण हीच की यादी आहे. आज यादीत आहोत म्हणून गप्प बसायचं, तर उद्या यादी बदलणाऱ्यापुढे हात जोडून उभं राहावं लागेल. ज्यानं दार उघडायची मर्जी आपल्या हातात ठेवली, त्यानं ते बंद करायची मर्जीही ठेवलेली असते.

हा प्रश्न आपलाच का आहे?

फाळणीच्या वेळी पाकिस्तानातून सवर्ण हिंदू बाहेर पडत होते. दलितांना मात्र तिथून निघू दिलं जात नव्हतं. का? ते निघून गेले तर कराचीचे रस्ते कोण झाडणार, संडास कोण साफ करणार? त्यांचं काम 'अत्यावश्यक सेवा' ठरवलं गेलं. बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदामंत्री होते. १९४७ च्या अखेरीस त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या दलितांना मिळेल त्या मार्गानं भारतात या असं जाहीर आवाहन केलं, आणि डिसेंबरमध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या अडवणुकीकडे लक्ष वेधलं. इकडे पोचलेल्या दलित निर्वासितांचीही आबाळ होते आहे, ही तक्रार त्याच पत्रात होती.

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. अमेरिकी व्हिसा देताना विचारतात, तू आमच्या उपयोगाचा आहेस का? पाकिस्ताननं दलितांना अडवताना तोच विचार केला, तू आमच्या उपयोगाचा आहेस, म्हणून जायचं नाही. एका ठिकाणी उपयोगामुळे दार उघडलं, दुसऱ्या ठिकाणी उपयोगामुळे बंद झालं. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरवली की दोन्ही होतं. जातिव्यवस्थेनं आपल्याला हेच तर शिकवलं!

जोगेंद्रनाथ मंडल यांचं नाव प्रत्येक आंबेडकरी तरुणाला माहीत हवं. १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, त्यात मंडल यांचा मोठा वाटा. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. म्हणजे एके काळी दोन्ही देशांचे कायदामंत्री अस्पृश्य समाजात जन्मलेले होते. पण पूर्व बंगालमध्ये दलितांवर हल्ले होत राहिले, सरकारात बसून मंडल यांना ते थांबवता येईनात, आणि ऑक्टोबर १९५० मध्ये कलकत्त्यात येऊन त्यांनी राजीनामा पाठवला. मंत्रिपदावरचा माणूससुद्धा एका रात्रीत आश्रय मागणारा होऊ शकतो.

त्यांच्यामागून आलेल्या नामशूद्रांचं काय झालं? आधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या आजूबाजूला वसाहती उभ्या केल्या आणि कालांतरानं त्या नियमित करून घेतल्या. नंतर आलेल्या दलित निर्वासितांना दंडकारण्यात पाठवलं गेलं. आपल्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बंगाली वसाहती याच निर्वासितांच्या. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. स्वतःच्या श्रमानं त्यांनी शाळा, दवाखाना, बंधारे उभे केले. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं, गोळीबार केला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. किती माणसं मेली याचा खरा आकडा आजही वादात आहे. एकाच देशातून आलेले, एकाच भाषेचे निर्वासित, पण जात वेगळी म्हणून नशीब वेगळं. कायदा असता तर निदान कोर्टात सांगता आलं असतं की आमचा हक्क मोडला.

संविधान काय सांगतं?

संविधानाचं १९ वं कलम नागरिकांना हक्क देतं. पण १४ वं आणि २१ वं कलम 'व्यक्ती'ला हक्क देतात. कायद्यापुढे समानता आणि जगण्याचा हक्क हे भारताच्या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसाचे आहेत. हा शब्द चुकून पडलेला नाही.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर संविधान सभेत चर्चा झाली. आपल्याच विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी दुरुस्ती मांडली, की जो हिंदू किंवा शीख दुसऱ्या कुठल्याही देशाचा नागरिक नाही, तो जगात कुठंही असला तरी त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं. शेतकरी-बहुजनांच्या शिक्षणासाठी पंजाबरावांनी केलेलं काम मोठं आहे, त्याबद्दल आदर आहेच. पण त्यांची ही दुरुस्ती सभेनं फेटाळली. बाबासाहेबांनी मांडलेली कलमं मंजूर झाली. पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या सहाव्या कलमात धर्माचं नाव नाही. आजूबाजूला फाळणीचं रक्त वाळलेलं नसताना हा निर्णय झाला. म्हणून 'बाबासाहेबांनी पाकिस्तानातल्या दलितांना बोलावलं, म्हणजे धर्माची यादी त्यांना मान्य होती' असं जे सांगतात, त्यांना सहावं कलम वाचायला द्या.

न्यायालयं काय म्हणतात? १९९६ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चकमांना संरक्षण दिलं. हे चकमा बहुसंख्य बौद्ध. काप्ताई धरणानं त्यांची जमीन बुडाली, छळ झाला, म्हणून १९६४ पासून ते भारतात आले. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाचा जीव वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

सुरुवातीला सांगितलेल्या म्यानमारच्या पत्रकारांसाठी ज्येष्ठ वकील नंदिता हक्सर मणिपूर उच्च न्यायालयात गेल्या. ३ मे २०२१ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की छळाच्या तोंडी परत न पाठवण्याचं तत्त्व २१ व्या कलमात सामावलेलं आहे. पत्रकार आणि लहान मुलांसह त्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात सुरक्षित जाऊ द्या, असा आदेश झाला. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ८ एप्रिलला, जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की १४ आणि २१ वं कलम सर्वांना लागू असलं तरी हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. एकाच देशात, एकाच शेजारी देशातून आलेल्या माणसांबद्दल दोन टोकं. कायदा नसला की माणसाचा जीव कुठलं कोर्ट आणि कुठला वकील मिळाला यावर अवलंबून राहतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच वस्तीत ऐकू येतो. 'आमच्या पोरांना नोकरी नाही, डोक्यावर छप्पर नाही, परक्यांचं काय घेऊन बसलात?' रास्त राग आहे. पण परक्याला हाकलल्यानं आपल्या पोराला नोकरी मिळाल्याचं उदाहरण दाखवा. उलट, कागद नसलेल्या माणसाला हाकलायची यंत्रणा एकदा तयार झाली की ती कुणाला पकडते? आसामच्या नागरिक नोंदणीत २०१९ मध्ये १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं, नंतर ते पश्चिम बंगालचे भारतीय निघाले आणि परत आणावे लागले. आपल्या भटक्या-विमुक्त भावाबहिणींना जन्माचा दाखला विचारून पाहा. पारध्याच्या पालावर पोलीस आला तर तो काय दाखवणार?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. दार उघडलं तर दहशतवादी शिरतील म्हणतात. अहो, आश्रयाचा कायदा म्हणजे उघडं दार नव्हे. प्रत्येकाची नोंद, मुलाखत, तपासणी आणि निर्णय म्हणजे हा कायदा. गंभीर गुन्हे करणाऱ्याला १९५१ चा करारसुद्धा संरक्षण देत नाही. आज माणसं लपून राहतात, बनावट कागद करतात, दलालाला पैसे देतात. त्यात सुरक्षा कुठली?

तिसरा आक्षेप, 'नागरिकत्व दुरुस्तीमुळे नामशूद्र, मतुआ बांधवांचा फायदा होतो, तुम्ही विरोध कसा करता?' मतुआंना 'बेकायदा' ठरवलं कुणी? २००३ च्या दुरुस्तीनं. तिनं 'बेकायदा स्थलांतरित' ही व्याख्या आणली आणि अशा माणसाच्या इथं जन्मलेल्या मुलांचंही नागरिकत्व अडवलं. मतुआंची मागणी बिनशर्त नागरिकत्वाची होती. त्यांना मिळालं काय? मार्च २०२४ च्या नियमांनुसार बांगलादेशातून आल्याचे पुरावे जोडून करायचा अर्ज. जो दंगलीत घर सोडून पळाला तो पुरावा कुठून आणणार? आधी जखम करायची, मग मलम विकायचं.

आपली मागणी

दुसरीकडे हे जमलं आहे का? जमलं आहे. ब्राझील काही श्रीमंत देश नाही. त्यांनी १९९७ मध्ये निर्वासितांचा कायदा केला. २०१३ मध्ये सीरियाच्या युद्धातून पळणाऱ्यांसाठी त्यांच्या वकिलातींनी मानवतावादी व्हिसा द्यायला सुरुवात केली, धर्म न विचारता. तिथं पोचल्यावर आश्रयाचा अर्ज करायचा. आपल्याकडेही न्या. पी. एन. भगवती यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात एक नमुना कायदा तयार झाला होता. २०१५ आणि २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयकं आली. कुठलंही सरकार पुढं सरकलं नाही. यात काँग्रेसही आली आणि भाजपही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. आश्रयाचा कायदा करा आणि त्यात धोका हाच निकष ठेवा. छळाच्या कारणांत राजकीय मताबरोबर जात आणि वंशपरंपरा हे शब्द स्पष्ट लिहा. २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत जातीचा विषय आंतरराष्ट्रीय मंचावर येऊ नये म्हणून भारत सरकारनं आटापिटा केला होता. पण २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनं वंशपरंपरेवरच्या भेदभावात जात येते असं सांगितलं. नेपाळचा, बांगलादेशचा, पाकिस्तानचा दलित उद्या आपल्या दारात आला तर त्याला 'सामाजिक गट' या शब्दांत लपावं लागू नये. निर्णय घेणारं प्राधिकरण गृहखात्यापासून स्वतंत्र असावं. अर्जदाराला वकील, दुभाषा आणि अपील मिळावं. निर्णय होईपर्यंत परत पाठवणी नाही आणि फक्त कागद नसल्याबद्दल तुरुंग नाही. मुलांना शाळा आणि मोठ्यांना काम मिळावं. वकिलातींमधून तातडीचा व्हिसा मिळावा, पण त्यासाठी धर्म, जन्म, नातं किंवा बँकेतली शिल्लक विचारू नये.

आणि तुम्ही काय करायचं? आपल्या महाविद्यालयात, वसतिगृहात अफगाण, म्यानमारचे, सुदानचे विद्यार्थी असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांच्या व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी पोलीस ठाण्यात सोबत जा. १४ एप्रिलच्या आणि ६ डिसेंबरच्या कार्यक्रमांत एक सत्र या विषयावर ठेवा. आपल्या खासदाराला लेखी विचारा, की आश्रयाच्या कायद्यावर तुमची भूमिका काय. वकिली करणाऱ्या मित्रांनी १९९६ चा आणि मणिपूरचा निकाल वाचून काढावा.

आपण दया मागणारे लोक नव्हतो. तळ्याचं पाणी आपण मेहेरबानी म्हणून मागितलं नाही, माणूस म्हणून घेतलं. सीमेवर उभ्या असलेल्या माणसासाठीही तोच न्याय लावायचा आहे. त्याच्या जिवाला धोका आहे का, एवढंच विचारा. बाकीचे दाखले फाडून टाका.

जयभीम! जय संविधान!